कमाल धारणा फक्त आमच्याच मातीला?



महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या मालमत्तेला सरकारने हद्द घातलेली आहे. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ सालचा, आणि १९७५ पासून ती हद्द कोरडवाहूला कुटुंबामागे ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर. त्यावर निघालेली जमीन सरकारजमा. पाऊस दगा देतो त्या साली ५४ एकरांचा धनीही पुढच्या बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसतो, हे कायदा करणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. तो कायदा बरा की वाईट यावर आपल्याच सभेत दोन तट आहेत. आज त्या वादात शिरत नाही. आजचा सवाल एवढाच, की मोजणीची साखळी फक्त आमच्याच बांधावर का फिरली?

शहरातही हद्द होती. नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ साली झाला. मुंबईत मोकळ्या जागेला ५०० चौरस मीटरची मर्यादा होती. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. शेतीचा कायदा मात्र जागच्या जागी.

शेअर, कंपन्या, ठेवी यांना तर हद्द कधीच नव्हती. होते ते दोन कर. बाप मेल्यावर मोठी इस्टेट पोराकडे जाताना लागणारा कर १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. संपत्ती कर १९५७ साली आला, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात काढला. कारण काय दिले? म्हणे, २०१३-१४ मध्ये त्यातून जेमतेम १,००८ कोटी जमले, वसुलीचा खर्चच फार. पण १९९२ साली शेअर त्या करातून आधीच वगळले होते, हे कोण सांगणार? श्रीमंताची खरी दौलत शेअरांतच असते. आधी बोंडे वेचून न्यायची आणि मग पऱ्हाटीला कापूसच लागत नाही म्हणून ती उपटून टाकायची, असा हा कारभार.

परिणाम समोर आहे. मार्च २०२४ मध्ये पिकेटी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्र्यांनी हिंदुस्थानचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली वरच्या १ टक्का लोकांच्या हाती देशाची ४०.१ टक्के संपत्ती आणि २२.६ टक्के उत्पन्न. उत्पन्नाचा एवढा वाटा त्यांना १९२२ पासून, म्हणजे हिशेब सापडतो तेव्हापासून, कधीच मिळाला नव्हता. इंग्रज असतानाही नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी कमावले, तुमच्या पोटात का दुखते? कमावले त्याने खुशाल खावे, आमची ना नाही. आमच्या ताटातून उचलून त्यांच्या ताटात वाढले जाते, त्याची तक्रार आहे. विकसित देशांच्या ओईसीडी या संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले, की २००० ते २०१७ या काळात हिंदुस्थानी शेतकऱ्याला मिळालेला आधार उणे १४ टक्के होता. उणे! धोरणाने शेतकऱ्याला दिले थोडे, आणि निर्यातबंदी व बाजारबंधने लादून त्याच्याकडून काढून घेतले जास्त. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला पाते-फुले लागलेली असताना सरकारने कापसावरचा ११ टक्के आयातकर माफ केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली सीतादही आणि पहिल्या दोन वेचण्या बाजारात येण्याच्या नेमक्या वेळी. पेरणीआधी ही माफी जाहीर केली असती तर कोणी तूर तरी वाढवली असती. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, ती मिळाली.

कराचे माप पाहा. बोंडअळीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५ टक्के. व्यापारी भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, त्याचा पैसा गेला तो गेला. आणि वर्षभर ठेवलेले शेअर विकून कोट्यवधींचा नफा काढला तर त्यावर साडेबारा टक्के. अधिभार आणि उपकर धरूनही १५ टक्क्यांच्या आतच! २०१८ पर्यंत तर शेअरबाजारातल्या या नफ्यावर चौदा वर्षे शून्य होते.

माफीचे मापही तसेच. २००८ ची केंद्राची कर्जमाफी ६० हजार कोटींची जाहीर झाली, पुढे आकडा ७१ हजार कोटींवर गेला. वर्तमानपत्रांनी देश बुडाल्याची बोंब ठोकली. त्यात पूर्ण माफी फक्त दोन हेक्टरपर्यंत. सात एकर कोरडवाहू कापूसवाला मोठा शेतकरी ठरला आणि उरलेल्या कर्जासह जप्तीच्या नोटिसा वाचत बसला. जमिनीला पाणी आहे की नाही, हे कोणी विचारले नाही. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. एकदा नव्हे, दर वर्षी. तेव्हा कोणाचाही देश बुडाला नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. त्याच अर्थशास्त्र्यांनी मे २०२४ मध्ये योजना मांडली. दहा कोटींवरच्या निव्वळ संपत्तीवर वर्षाला २ टक्के आणि दहा कोटींवरच्या वारशावर ३३ टक्के कर लावायचा. हजारातल्या ९९९ प्रौढांना तो शिवतही नाही, आणि देशाच्या एकूण उत्पन्नाच्या २.७३ टक्के रक्कम उभी राहते. आम्ही याला पाठिंबा देतो. अट एकच : शेअर वगळायचे नाहीत.

आपल्यातलेच काही घाबरतात, की उद्या हा कर शेतावर येईल. हिशेब करा. कायद्याने परवानगी दिलेली पुरी ५४ एकर कोरडवाहू आहे आणि एकराला १५ लाख भाव आहे असे धरले, तरी होतात ८ कोटी १० लाख. आहे का आपल्यात कोणी? शहराच्या वेशीवर ज्यांच्या एकराला कोटी मिळतात ते आपले वकील स्वतः लावतील.

श्रीमंत पळून जातील, ही दुसरी भीती. माणूस विमानाने जाईल. कारखाना, टॉवर आणि डीमॅट खाते कुठे नेणार?

तिसरी शंका खरी आहे. पैसा तिजोरीत गेला तर तो शिवारात येईल कशावरून? आजवरचा अनुभव पाहता येणार नाही. म्हणून करासोबत खर्चही बांधून मागायचा. औषध-खतावरचा जीएसटी शून्य करा. बोंडे भरताना एक-दोन संरक्षित पाणी देता येईल एवढी शेततळी आणि विजेची जोडणी प्रत्येक कोरडवाहू गावात द्या. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू संशोधनाला पैसा द्या. ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३,६९९ रुपये जाहीर झाला, पण खरेदी केंद्र नसेल तर तो आकडा भिंतीवर लावण्यापुरताच.

जिल्हा मेळाव्यात हा ठराव मतदानाला येईल. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येताना या हंगामाची कृषी केंद्राची सगळी बिले आणावीत, खताची आणि औषधाची वेगळी. पक्के बिल दिले नसेल तर दुकानदाराकडून मागून घ्यावे. त्यावरचा जीएसटी गावनिहाय जोडून त्याचा तक्ता ठरावासोबत जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा आहे. ज्या गावाची बिले आली नाहीत, त्या गावाचा रकाना कोरा जाईल.