सिएनाची अपुरी भिंत

इटलीतील टस्कनी प्रांतात सिएना नावाचे एक जुने नगर आहे. तेथील महामंदिराजवळ गेले की एक उंच, एकाकी भिंत नजरेत भरते. तिच्यातील प्रचंड खिडकीच्या पोकळीतून दिसते ते केवळ आकाश! मागे ना छप्पर, ना वेदी. वाचकहो, या भिंतीची कथा ऐकण्यासारखी आहे.

मध्ययुगात सिएना हे सावकारी व व्यापार यांनी संपन्न झालेले स्वतंत्र प्रजासत्ताक होते. नगरवासीयांनी आपले नगर पवित्र मरियेच्या चरणी अर्पण केले होते. तिच्या स्वर्गोन्नयनाच्या नावे त्यांनी पांढऱ्या व काळसर संगमरवराच्या आडव्या पट्ट्यांनी नटलेले महामंदिर उभारले. निकोला पिसानो या शिल्पकाराने १२६५ ते १२६८ या काळात तेथील प्रवचनपीठ घडविले. पुढे दुच्चो या चित्रकाराने सिंहासनस्थ मरियेचे भव्य वेदीचित्र रंगविले. ९ जून १३११ रोजी दुकाने बंद ठेवून, घंटांच्या निनादात, सारे गाव मिरवणुकीने ते चित्र मंदिरात घेऊन आले. सिंहासनाच्या पायथ्याशी दुच्चोने प्रार्थना लिहिली आहे: सिएनाला शांती आणि आपल्याला आयुष्य लाभावे!

१३३९ मध्ये नगरसभेने अधिक मोठा संकल्प सोडला. असलेले मंदिर ही केवळ आडवी बाजू ठरावी, एवढे विशाल नवे मंदिर बांधावयाचे! काम सुरू झाले, भिंती चढल्या. आणि १३४८ मध्ये प्लेगची महामारी आली. निम्म्याहून अधिक नगर ओस पडले असावे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आन्योलो दि तुरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. त्यातच नव्या बांधकामातील दोष उघड झाले. अखेर १३५७ मध्ये तो बेत कायमचा सोडून देण्यात आला व धोकादायक भाग उतरविण्यात आला.

पण लोक खचले नाहीत. जुन्याच मंदिरात ते गुडघे टेकीत राहिले आणि त्याच शतकात त्यांनी तेथील फरशीवर संगमरवरी चित्रे कोरावयास आरंभ केला. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या त्या कामातून छप्पन्न चित्रे निर्माण झाली. झिजू नयेत म्हणून त्यांतील बरीचशी वर्षातील बहुतेक काळ झाकलेली असतात.

आणि त्या अपुऱ्या मंदिराचे काय झाले? त्याच्या बाजूच्या दालनाच्या कमानी पुढे भिंतींनी बंद केल्या गेल्या आणि आज तेथे महामंदिराचे संग्रहालय आहे. दुच्चोचे वेदीचित्र १७७१ मध्ये सुटे करण्यात आले. त्याचे काही तुकडे परदेशी गेले, परंतु मरियेचे मुख्य चित्र आज याच संग्रहालयात आहे. ज्या मंदिराला कधी छप्पर लाभले नाही, त्याच्याच कुशीत नगराच्या मातेला आसरा मिळाला!

आपल्याही घरोघरी एखादी अपुरी भिंत असते. कोणाचे घर अर्धे राहते, कोणाच्या मुलाचे शिक्षण. ती भिंत पाहून लाजू नये. आपल्या हातून जे पुरे झाले नाही, त्याचा उपयोग परमेश्वर कशासाठी करील, हे आपणांस आज कसे कळावे?