कोबा वाळू द्या!

लग्न एक वेळ घाईने करावे. नाहीच जमले तरी माणसे निभावून नेतात. पण तापत्या कोब्यावर लाकडी जमीन मात्र घाईने करू नये. लाकूड निभावून नेत नाही, ते सरळ उठून उभे राहते.

'तापता कोबा' म्हणजे काय, हे ज्यांनी जन्मभर शहाबादी फरशीवर पाय गारठवले त्यांना सांगायला हवे. जर्मनीत हल्ली नवी घरे होतात, त्यांत भिंतीला टांगलेले हीटर फारसे दिसत नाहीत. खाली थर्माकोलसारखा थर, त्यावर प्लॅस्टिकच्या नळ्या जिलबी घालावी तशा वळवून पसरतात आणि वर सिमेंटचा कोबा ओततात. नळ्यांच्याही वर चांगला साडेचार सेंटिमीटर. नळ्यांतून कोमट पाणी फिरते, कोबा तापतो आणि तळपायाला ऊब मिळते. कल्पना तशी जुनीच. रोमन लोक विटांच्या ठेंगण्या खांबांवर जमीन उचलून तिच्याखालून गरम हवा खेळवत. ट्रिअर गावात त्यांच्या स्नानगृहांचे अवशेष अजून आहेत. कोरियात तर चुलीचा धूर निजायच्या खोलीखालून नेण्याची चाल. पण रोमनांनी वर दगड घातला आणि कोरियनांनी तेल दिलेला कागद. आमच्या तिथल्या भाच्याला हवे होते ओकचे लाकूड.

"लाकूड आणि गरम जमीन? छे, जमायचेच नाही!" असे सांगणारे शहाणे तिथेही भेटतात. मला ते पटत नाही. बीचसारखे चंचल लाकूड आणि त्याच्या रुंद, अखंड फळ्या, असा हट्ट धरलात तर नाहीच जमायचे. पण ओक शांत स्वभावाचे झाड. आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या फळ्या घ्या, जाडी बेताची ठेवा म्हणजे ऊब अडत नाही, सगळे बूड कोब्याला नीट चिकटवा आणि जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. दोघांचा संसार सुखाचा होतो. माझे भांडण आहे ते कॅलेंडर बघून जमिनी घालणाऱ्यांशी.

कोबा करताना त्यात जे पाणी ओततात, त्यातले काही सिमेंट पिऊन टाकते. उरलेले वरच्या अंगाने हळूहळू उडून जावे लागते. ते उडायच्या आत लाकूड चिकटवून मोकळे झालात तर पाणी फळीत शिरते. कोकणातल्या घराचे दार श्रावणात फुगून चौकटीत अडकते, तसलाच प्रकार. दाराला निदान लाथ मारता येते. अख्ख्या दिवाणखान्याला लाथ कशी मारणार? पुढे थंडी पडली, नळ्या तापल्या, खोलीतली हवा कोरडीठाक झाली, की तीच फुगलेली फळी आकसते आणि फटीत नाणे उभे राहते.

म्हणून तिथे नियम आहे. सिमेंटचा कोबा २१ दिवस तापवायचाच नाही. मग ३ दिवस २५ अंशांचे पाणी, मग पूर्ण तापवून ४ दिवस. आणि गंमत म्हणजे ही झाली नुसती नळ्यांची आणि कोब्याची परीक्षा. वाळवण्याचे तापवणे पुढेच! भलेभले इथे फसतात. तापून झाला म्हणजे वाळला, असे धरून चालतात.

वाळला की नाही हे कसे बघतात, ते पाहून मी तर बेहद्द खूश झालो. नळी नाही अशी खूण आधीच करून ठेवलेल्या जागी कोबा फोडतात. वरची साय सोडून आतला ५० ग्रॅम चुरा पोलादी बाटलीत घालतात. सोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी. होय, तेच कार्बाइड! आंबे पिकवायला ज्याची आपल्याकडे बंदी आहे आणि तरी जे आंब्याच्या पेटीत सापडते, ते. बाटली खडखडा हलवली की कुपी फुटते, कार्बाइडला ओल भेटली की गॅस होतो आणि झाकणावरचा काटा चढतो. १० मिनिटांनी हिशेब १.८ टक्क्यांच्या आत आला तर फळ्या आणाव्यात. नाही आला तर घरी जावे.

भाच्याचा आला २.६.

झाले! भाड्याच्या घराला त्याने तीन महिन्यांची नोटीस देऊन ठेवलेली. बँकेचा हप्ता सुरू, भाडेही सुरू. त्याच्या आईचा पुण्याहून फोन: मुहूर्त हाच, पुढे चातुर्मास! बांधकामावर देखरेख करणारे गृहस्थ गुडघ्यावर बसले, कोब्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "कोरडा तर लागतोय की!" अहो, हाताला कलिंगडसुद्धा कोरडेच लागते.

हलला नाही तो एकटा फळ्या बसवणारा कारागीर. सगळ्यांनी मिळून त्याला अडेलतट्टू ठरवले. माझ्या मते त्या घरात मालकाच्या बाजूचा माणूस तेवढाच होता. महिनाभराचे भाडे जाते, हे खरे. भाच्याचा चेहरा पाहून मलाही पोटात तुटत होते. पण चिकटवलेल्या फळ्या उचकटायच्या, चिकटलेला सरस खरवडायचा, खरवडताना खालच्या नळीला भोक पडेल म्हणून जीव मुठीत धरायचा, सामान हलवायचे आणि पुन्हा भाड्याच्या घरात राहायला जायचे, याचा खर्च कुणी मांडलाय? ओल्या प्लॅस्टरवर रंग मारून घराची किल्ली देणारे बिल्डर आपल्याला ठाऊक आहेत. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला पापड धरतात. पण भिंत पुन्हा रंगवता येते. ओक दर चौरस मीटरला विकत घ्यावा लागतो.

आणि मुहूर्त चुकवायचाच कशाला? वास्तुशांतीला लाकडी जमीन लागते असे मला अजून कुणी सांगितलेले नाही. कोब्यावर पाट मांडावेत, बसावे. अंगाखालून ऊबही येते. होम तेवढा बेताचा ठेवावा, कारण छताला धुराची घंटा असते. आणि कलशातले पाणी, बाई, कृपा करून सांडू नका. सोमवारी तो कारागीर पुन्हा बाटली घेऊन येणार आहे.