अस्सल सुट्या भागांची कैफियत

दुसरे महायुद्ध आटोपल्यावर सरकारने शिल्लक लष्करी सामान विकावयास काढले, आणि त्या सामानाबरोबर बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याची एम-२०, नॉर्टनची १६-एच, मॅचलेसची जी-३-एल अशा खाकी मोटारसायकली फौजेच्या ताब्यातून सामान्य प्रजेच्या हाती आल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हे नाव त्या पिढीतील मिस्त्रींच्या तोंडी कायमचे बसले. अशी एखादी गाडी आमच्या पांढुर्णा-सौंसरकडच्या जुन्या वाड्याच्या पडवीत निघाली, की घरातील तरुण मंडळी तिला पूर्वस्थितीत आणण्याच्या उत्साहाने सुट्या भागांच्या शोधास लागतात, नागपूरच्या कबाड्यांपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत आणि दिल्लीच्या करोलबागेपासून चेन्नईच्या पुदुपेटपर्यंत चौकशा करतात, आणि अखेरीस ‘ओरिजिनल’ म्हणून जे घरी आणतात त्यातले पुष्कळसे काल-परवा ओतून, वर जुन्या कारखान्याचा छाप मारलेले असते. या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत, आणि गंजाने होते त्याहून अधिक हानी त्यांची या खोट्या छापाने होत आहे, असे माझे ठाम मत आहे.

अस्सल भाग कोणता, याचा निर्णय गाडीच्या सालाची शहानिशा केल्यावाचून करताच येत नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्याआधीच मलाया गेला होता, आणि दोस्तराष्ट्रांना रबर पुरविणारे तेथील मळे जपानच्या हाती पडताच विलायतेतील कारखान्यांना रबराची काटकसर करणे भाग पडले. हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आल्या, पाय टेकण्याच्या दांड्यांवरचे रबर जाऊन उघडे पोलाद उरले. म्हणून १९४३ च्या एम-२० ला कोणी गुळगुळीत काळ्या रबराच्या मुठी चढविल्या, तर गाडी कदाचित अधिक देखणी दिसेल, परंतु त्या टंचाईची तिच्या अंगावरील साक्ष पुसली जाईल. रंगाचीही तीच कथा आहे. ब्रिटिश लष्करी वाहनांचा रंग युद्धाच्या आरंभी हिरवट खाकी होता, १९४२ च्या सुमारास तो तपकिरी झाला आणि १९४४ मध्ये ऑलिव्ह ड्रॅब आला. पेट्रोलच्या टाकीवर ‘सी’ अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांक रंगविलेला असे. जुना रंग यंत्राने एकदम उडवून देण्याऐवजी पॉलिशपेपर पाण्यात भिजवून एकेक थर धीराने उतरविला, तर तो क्रमांक खाली अद्याप सापडू शकतो. आणि तो सापडणे हे नव्या चकाकणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

फ्रेमीचा व एंजिनाचा क्रमांक जुळलाच पाहिजे हा आग्रह शौकिनांत फार आहे, आणि तो अपुऱ्या माहितीवर उभा आहे. एम-२० सव्वा लाखाहून अधिक बनली ती रणभूमीवर राबण्यासाठी, आणि हिंदी सैन्यात यंत्रदुरुस्तीसाठी १९४३ साली स्वतंत्र दल उभारावे लागले इतका तो पसारा मोठा होता. नादुरुस्त गाडीचे एंजिन काढून दुसऱ्या फ्रेमीत चढविणे ही लष्करी वर्कशॉपातील नित्याची बाब होती. तेव्हा न जुळणारे क्रमांक हा पुष्कळदा त्या गाडीच्या सैनिकी आयुष्याचाच दाखला असतो. ते खरवडून नवे ठोकणे म्हणजे सरळसरळ दस्तऐवजात फेरफार करणे होय.

आपल्या मिस्त्रींनी बसविलेल्या भागांविषयीही मला आदराने बोलले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, विलायती भाग दुर्मिळ झाले, आणि ज्या मध्यप्रांताने विलायतेच्या पोलादभट्ट्यांना मँगनीज पुरविले त्याच मुलखातील कारागिरांनी बुश, पिना, एक्सल खरादीवर स्वतः घडवून या गाड्या चालत्या ठेवल्या. ते काम सोपे नव्हते. या गाड्यांच्या पुष्कळ बोल्टांना इंचास २६ आटे आहेत, त्यांवर आजचा मेट्रिक नट जोराने चढविला की आटे मरतात. ठिणगी व वीज पुरविणाऱ्या लुकासच्या मॅग्डायनोत आर्मेचरच्या तारांवर लाखेचे आवरण असते, ते उष्णतेने मऊ पडून चिकटू लागते, आतला कंडेन्सर कालांतराने निकामी होतो, आणि मग थंडपणी सुरू होणारी गाडी तापली की बंद पडते. त्या तारा पुन्हा गुंडाळणारे जाणते हात आज फार थोडे आहेत. असा हाताने घडविलेला, कोणाचेही नाव न चोरणारा भाग मी बर्मिंगहॅमचा खोटा छाप मिरविणाऱ्या नव्या भागापेक्षा शतपटीने अस्सल मानतो.

कायद्यानेही येथे साह्य करावयास हवे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणीमालिका मंजूर केली, २०,००० रुपये शुल्क व १० वर्षांची मुदत ठरविली, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी अशी अट घातली. हेतू उत्तम आहे. मात्र पूर्वी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणीपत्र मागितले जाते, आणि डिस्पोजलच्या मालाच्या बाबतीत नेमका तोच कागद बहुधा नसतो. आमच्या भागाची अडचण तर दुहेरी आहे: ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्याचे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विभाजन झाले, नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर तहसील मध्यप्रदेशात राहिली, आणि आज पांढुर्णा जिल्ह्यातील अर्जदाराने आपल्या आजोबांच्या गाडीची जुनी नोंद शोधावयाची म्हटली तर कोणत्या राज्याच्या दफ्तराचे दार ठोठावावे हेच त्यास उमगत नाही. अशा गाडीची फ्रेम, एंजिन व रंगाखालचा लष्करी क्रमांक तज्ज्ञांकडून तपासून घेऊन त्या तपासणीच्या आधारे नोंद करण्याची तरतूद परिवहन खात्याने करावी; आणि युद्धकाळातील वर्कशॉपात बदललेले एंजिन हा ‘मूळ स्वरूपा’चा भंग मानू नये.

तोवर जे आपल्या हाती आहे ते आपण करावे. नवा भाग घडविणाऱ्या मिस्त्रीने त्यावर स्वतःचे नाव आणि साल कोरावे, आणि गाडीच्या मालकाने काढलेला प्रत्येक जुना भाग, तो कितीही झिजलेला असो, कबाड्याकडे वजनावर न देता चिठ्ठी बांधून गाडीसोबतच जपून ठेवावा, अशी पांढुर्णा-सौंसरच्या मिस्त्रींना व मालकांना माझी आग्रहाची विनंती आहे.