हाताची दोरी गाठीशी विरते



मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की आपल्या ठाणे जिल्ह्यात घरात कोणाला बसवत नाही. ओहोळ वाहू लागतात, नदीतले मासे वाहत्या पाण्याला तोंड देऊन शेतांकडे चढू लागतात, वलगण सुरू होते. मग माळ्यावर पडून असलेला पाग खाली निघतो. टिटवाळ्याची काळू असो, बदलापूर-कल्याणची उल्हास असो, की डोंबिवलीच्या मोठागावपासून ठाण्याच्या कोलशेतपर्यंतची खाडी असो, रात्री बत्त्या घेऊन माणसे पाण्यात उभी असतात. दोन-तीन रात्री असा पाग फेकला, घरी कालवण झाले, शेजाऱ्याला वाटा गेला. सगळे आनंदात.

आणि पुढे लावणीच्या तोंडावर तक्रार येते, "साहेब, कोपर धरलाय. तांब्या उचलवत नाही."

आज याच दुखण्याविषयी लिहितो आहे. हे काही शेतीबाहेरचे प्रकरण नव्हे. पाग फेकणारा हात आणि आवण उपटणारा हात एकच असतो. जून महिन्यात तो जायबंदी झाला तर जुलैत मजूर लावावा लागतो, आणि लावणीच्या दिवसांत मजूर मिळतो कुठे व कोणत्या भावाने, हे तुम्हांला मी सांगायला नको.

दुखते ते नेमके काय?

आपल्या पंजाला वर उचलणारे स्नायू हाताच्या पाठच्या बाजूने जातात आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाडाचे टोक लागते तिथे एका चिवट दोरीने बांधलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. आपण मूठ घट्ट आवळतो तेव्हा बोटे वळवणारे स्नायू मनगटालाही खाली ओढतात. त्याला सरळ धरून ठेवण्यासाठी ही वरची दोरी ताणलेली राहते. म्हणजे मूठ जितकी घट्ट, तितका कोपरावर ताण जास्त.

खुंट्याला बांधलेला बैलाचा दावा तुम्ही पाहिला आहे. तो मधोमध तुटत नाही, गाठीशी विरतो. आपल्या हाताचेही तसेच. ओली, निसरडी दोरी आवळून भिजलेला, शिशाने आणि चिखलाने जड झालेला पाग पुन्हा पुन्हा हिसके देऊन ओढला, की गाठीशी असलेले बारीक तंतू विरू लागतात. रोज थोडे काम असते तर दोरी स्वतःला भक्कम करून घेते. पण वर्षभर आराम आणि एका रात्रीत शंभर फेका, हे तिला सोसत नाही. अति तेथे माती, ती इथेही.

डॉक्टर या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. नाव ऐकून हसू नका. हे दुखणे प्रथम १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने नोंदवले, तेही लिहिण्याचे काम करणाऱ्या माणसांत. टेनिसचे नाव त्याला पुढे इंग्लंडात चिकटले. हे ज्यांना होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी टेनिसची बॅट कधी हातातही धरलेली नसते. ते बहुधा पस्तीस ते पंचावन्न या वयात, म्हणजे घराचा भार ज्याच्या खांद्यावर असतो त्यालाच गाठते. कोपराच्या आतल्या अंगालाही असेच दुखू शकते. ते जाळे किंवा दोर सतत स्वतःकडे ओढणाऱ्यांना होते. उपाय बरेचसे सारखेच.

ओळखावे कसे?

हात पुढे सरळ करा, तळवा जमिनीकडे ठेवा आणि पाण्याने भरलेला तांब्या वरून पकडून उचला. कोपराच्या बाहेरच्या टोकाशी कळ आली, आणि तोच तांब्या तळवा वर करून खालून उचलल्यावर कळ कमी झाली, तर बहुतेक हेच दुखणे समजावे. टॉवेल पिळताना, दाराची कडी फिरवताना, हस्तांदोलन करताना दुखणे हीही त्याचीच खूण.

पण काही खुणा वेगळ्या आहेत, त्या घरात सर्वांनी पाठ कराव्यात. करंगळीला मुंग्या येणे, बोटांतली ताकद जाणे किंवा मानेपासून हातात कळ उतरणे म्हणजे शीर दाबली गेलेली असू शकते. कोपर सुजून लाल व गरम झाले आणि ताप आला तर तो जंतूंचा प्रकार असू शकतो. चिखलपाण्यात वावरल्यानंतर काही दिवसांनी ताप आणि सर्वांग ठणकणे सुरू झाले तर लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आणि हात दुखत असताना छातीवर दडपण, घाम, धाप असेल तर तो पागाचा दोष नव्हे. १०८ ला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये.

हात बांधून बसू नका

लोक दोन टोके गाठतात. एक जण दुखत असताना तसाच काम रेटतो, दुसरा महिनाभर हात गळ्यात बांधून बसतो. दोन्ही चूक. काम न केलेली दोरी आणखी कमजोर होते. पहिले आठ-दहा दिवस फक्त ज्या कामाने कळ येते ते काम बंद ठेवा, बाकीचा हात चालता ठेवा. मग खालील व्यायाम सुरू करा.

पहिले दोन आठवडे : हात ओटीवर किंवा टेबलावर ठेवा, पंजा कडेबाहेर, तळवा खाली. पंजात अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली धरा, म्हणजे अर्धा किलो वजन झाले. मनगट सरळ ठेवून तसेच धरून राहा. सावकाश तीस ते पंचेचाळीस अंक मोजा. मग विसावा. असे चार-पाच वेळा, रोज एकदा.

तिसऱ्या आठवड्यापासून : चांगल्या हाताने दुखरा पंजा बाटलीसकट वर उचला, मग आधार काढून पाच अंक मोजत सावकाश खाली सोडा. असे दहा ते पंधरा वेळा, थोडा विसावा, पुन्हा तसेच. एकूण तीन फेऱ्या. जमू लागले की एक लिटरची बाटली घ्या.

दुखण्याचे माप रुपयात धरा. व्यायाम करताना चार आणे दुखले तर हरकत नाही. आठ आणे दुखले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त वाटले, तर वजन कमी करा. हे निदान दोन-तीन महिने चालवायचे आहे. म्हण अशी की दुखणे घोड्याच्या पावलांनी येते व मुंगीच्या पावलांनी जाते. हे येतेही मुंगीच्याच पावलांनी. पण जाते. बहुतेकांचे वर्षाच्या आत बरे होते, हे ध्यानात ठेवून धीर धरा.

इंजेक्शनची घाई नको

काळू नदीकाठच्या एका शेतकऱ्याने लावणी अडू नये म्हणून कोपरात इंजेक्शन घेतले. तिसऱ्या दिवशी हात मोकळा. त्याने लावणी उरकली, गणपतीच्या आधी पुन्हा पाग धरला आणि दसऱ्याला विळा धरता येईना. भातकापणी पत्नीने व मेहुण्याने केली.

असे का होते? ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना स्टेरॉइडचे इंजेक्शन, काहींना व्यायामोपचार, तर काहींना फक्त सल्ला देऊन थांबायला सांगितले होते. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. वर्ष संपताना तेच सर्वांत मागे पडले, कारण बरे वाटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे दुखणे उलटले. इंजेक्शन कळ बुजवते, दोरी सांधत नाही. आणि कळ बुजली की माणूस जास्त ओढतो. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलेच तर त्यांना हे मोकळेपणाने विचारा.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाऊ नका. पोट आणि मूत्रपिंड यांना त्या बाधतात, रक्तदाब असलेल्यांनी तर विशेष जपावे. बिब्बा लावणे व डाग देणे साफ बंद करा. त्याने कातडी जळते, आतल्या दोरीला काही फायदा होत नाही. तेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही. कोपराखाली दोन-तीन बोटांवर बांधायचा पट्टा मिळतो, तो कामापुरता बांधावा, झोपताना काढावा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, आणि विडी सोडा. या दोन्हींमुळे कंडरा बरी व्हायला वेळ लागतो.

सहा-आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात ही सोय आहे, खासगीत खर्च करण्याआधी तिथे जावे.

काम तेच, रीत बदला

पाग : मे महिन्यातच पाग काढून अंगणात रोज दहा-वीस फेका करा, हात तयार होतो. पहिल्या रात्री फेका मोजा आणि तीस-चाळीसवर थांबा. दोरीवर सायकलची जुनी ट्यूब किंवा कापड गुंडाळून ती जाड करा, कारण बारीक दोरीला मूठ जास्त आवळावी लागते. ओढताना मनगट सरळ ठेवा, हिसका देऊ नका, दोन्ही हातांनी व पाय मागे टाकून अंगाच्या भाराने ओढा. शिसे लावलेली कड दातांत धरण्याची सवय सोडा, शिसे विषारी आहे. गळवाल्यांनीही काठीची मूठ जाड करावी.

एक गोष्ट मत्स्यवंशासाठी. वलगणीला चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. चार रात्रींऐवजी एकच रात्र गेलात तर हातही वाचेल आणि पुढच्या वर्षी ओहोळात मासेही दिसतील.

शेत : हातपंपाने फवारणी करताना दांडा सतत मारावा लागतो, शक्य असेल तर बॅटरीचा पंप वापरा. विळ्याला धार ठेवा व मुठीवर कापड बांधा. भात हाताने झोडण्याऐवजी पायाने चालणारे मळणी यंत्र गावात मिळून घेता येते.

घर : मायबहिणींनो, हे दुखणे तुम्हांलाही तितकेच होते, फक्त तुम्ही ते सांगत नाही. दूध अंगठा दुमडून काढू नका, पूर्ण मुठीने काढा. गाईच्या सडालाही तेच चांगले. चादर एकटीने पिळू नका, नळाला किंवा खांबाला अडकवून पिळा. घागर, पातेले तळवा वर करून खालून उचला. आणि घरातल्या पुरुषांनी घागर स्वतः उचलली तर वरील एकही उपाय लागणार नाही.

बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला जुवाला लावत नाही. स्वतःच्या हाताला तेवढी तरी दया दाखवा. या पावसाळ्यात लावणी आधी, पाग नंतर, असा क्रम ठेवावा ही विनंती.

पुढील अंकी भाताच्या रोपवाटिकेतील तणांविषयी बोलू. रामराम.