छत ज्याचं, ऊन त्याचंच का?

शहापूर-मुरबाडकरांनो, थोडं लांब लिहितोय, पण वाचा.

सध्या जिकडे तिकडे एकच जाहिरात: छतावर सोलर बसवा, बिल शून्य करा. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि पुढे 78 हजार अनुदान आहे. मुरबाड बाजारपेठेत नाहीतर आसनगावात स्लॅबचं घर आहे, महिन्याला अडीचशे युनिट जळतात, त्यानं खुशाल बसवावं. त्याला माझा विरोध नाही.

पण डोळखांबच्या पलीकडच्या पाड्याचं काय? कौलारू घर, कुडाच्या भिंती, दोन बल्ब आणि एक पंखा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, वरचे पैसे आपल्या खिशातून. त्यानं हे अनुदान घ्यायचं कसं? म्हणजे ज्याचं छत पक्कं, सरकारचा पैसा त्याच्याच घरी.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईट जाण्यावर हा उपाय नाहीच.

भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या शहापुरात. पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघायची आपल्या आयाबायांनी. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पाड्याचं पहिलं सोलर सगळ्यांचं हवं आणि ते पाण्याच्या पंपावर हवं. जिथे विहिरीला पाणी आहे पण बिल थकलंय किंवा लाईट नाही, तिथे 5 एचपीचा सोलर पंप दिवसा टाकी भरेल. टाकी हीच बॅटरी. त्यानंतर शाळा, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे.

कुणी म्हणेल, सामाईक म्हणजे बेवारस. खोटं नाही. बिहारमधल्या धरणई गावात 2014 साली 100 किलोवॅटचा सामाईक प्रकल्प गाजावाजात उभा राहिला. पुढे बॅटऱ्या संपल्या, ग्रीडची लाईट आली, आणि त्या जागेत गुरं बांधली गेली. पण त्यावरून धडा घ्यायचा तो देखभालीचा. कोण पुसणार, कोण दुरुस्त करणार, पैसे कुठून, हे आधी ठरवा. पेसा गावांना 5 टक्के अबंध निधी मिळतो. त्यातला काही भाग देखभालीसाठी बाजूला ठेवा, पाड्यातलीच दोन पोरं-पोरी शिकवून तयार करा, आणि घरटी थोडी पट्टी घ्या.

1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. कुणी "बघू" म्हणालं, तर कधी बघणार ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.