'रंगरसिया' : रंग थोडे, रसियाच फार

चित्रकारावर चित्रपट काढणाऱ्याची एक अडचण असते. चित्र काढण्याचे काम बघायला फारसे गमतीचे नाही. माणूस तासन्‌तास उभा राहतो, रंग कालवतो, पुसतो, पुन्हा लावतो. मग दिग्दर्शक चित्र सोडून चित्रकाराच्या प्रेमप्रकरणाकडे वळतो. केतन मेहता यांच्या 'रंगरसिया'चे नेमके हेच झाले आहे. 2008 साली तयार झालेला हा हिंदी चित्रपट 2014 च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्याला आधार रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या मराठी कादंबरीचा. मराठीच्या तासाला कादंबरीचे नाव निघाले म्हणून मी तो मोबाईलवर पाहिला. माझी तरी निराशा झाली.

रणदीप हुडाचा रविवर्मा देखणा आहे, नंदना सेनची सुगंधाही. कोर्टातला खटला आहे, अश्लीलतेचा आरोप आहे, कलावंताच्या स्वातंत्र्यावर भाषणे आहेत. ती मला पटतात. पण पटलेली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली की तिची धार जाते. शिवाय रंगात माखलेल्या दोन देहांवर कॅमेरा इतका रेंगाळतो की, ज्या नजरेविरुद्ध चित्रपट कोर्टात भांडतो, तीच नजर तो प्रेक्षकाला देऊन बसतो.

माझी खरी तक्रार मात्र निराळी आहे. 1894 साली रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसवायचा. केसभर सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर! पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज वाढले आणि अखेर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळक्यांचाही या छापखान्याशी संबंध आला. यात नाट्य कमी आहे का? चित्रपटात छापखाना येतो, पण पाहुण्यासारखा.

आजीच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती. घरात मात्र तुळजापूरच्या बाजारातून आणलेली तसबीर होती. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी हत्ती. ती रविवर्म्यांच्या लक्ष्मीची नक्कल होय, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आजीला चित्रकाराचे नाव ठाऊक नाही. गाभाऱ्यातला देव दुसऱ्यांच्या ताब्यात होता. कागदावरची देवी पैसे मोजले की आपली होत होती. राजवाड्याच्या भिंतीवरची कला पत्र्याच्या घरात आली ती अशी.

कोणी म्हणेल, ही तर कॅलेंडरची चित्रे, त्यात कला कसली? हा वाद तरी चित्रपटाने घालायला हवा होता! दुसराही एक वाद आहे. रविवर्म्यांच्या देवी गोऱ्या, भरदार, खानदानी घरातल्या वाटतात. घरोघर तोच चेहरा गेला आणि उन्हात खुरपणाऱ्या माझ्या मावशीसारखा चेहरा देवीचा असू शकतो, हे आमच्याच मनातून गेले. चित्रपट रविवर्म्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, पण हा प्रश्न त्यांना विचारत नाही. सुगंधा किती सुंदर, एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो.

मला त्या दगड घासणाऱ्या कामगारांचे हात बघायचे होते. ते कुठल्या गावचे होते, त्यांना मजुरी काय मिळे, आणि छापून झालेली लक्ष्मी त्यांच्यापैकी कोणी घरी नेली का?