विश्लेषण : पिकअपला मोठे टायर बसवायचेत? रीलमध्ये न दिसणारं गणित आधी बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ज्या टायरची करापूर्वीची किंमत ५,००० रुपये आहे, तो आधी ६,४०० ला पडायचा, आता ५,९०० ला पडतो. चार टायरमागे २,००० रुपये वाचले. भाजी, दूध, सिमेंट, फर्निचर वाहून पोट भरणाऱ्या पिकअप मालकासाठी ही रक्कम छोटी नाही.

पैसे वाचले की पुढचा विचार येतोच. टायर बदलायचेच आहेत, तर एक नंबर मोठे का घालू नयेत? गाडी उंच दिसेल, खड्ड्यात घासणार नाही, माल जास्त बसेल. इन्स्टाग्रामवर रुंद टायरवाल्या पिकअपच्या रील्स तर रोजच दिसतात. दुकानदारही सांगतो, "बसतो की आरामात, बिनधास्त टाका."

टायर बसतो, हे खरं. पण बसल्यानंतर गाडीचं, मीटरचं, ब्रेकचं आणि कागदपत्रांचं काय होतं, ते समजून घेऊ.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा तुमच्या पिकअपचा कंपनीने दिलेला टायर १९५/८० आर १५ आहे. यातला १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. हिशेब केला की या टायरची एकूण उंची साधारण ६९३ मिलिमीटर येते.

आता त्याच १५ इंची रिमच्या मापात मिळणारा २३५/७५ आर १५ घ्या. त्याची उंची साधारण ७३३ मिलिमीटर. म्हणजे टायर ४० मिलिमीटर उंच झाला, जवळपास पावणेसहा टक्के मोठा. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. गाडीत १२००-१३०० किलो माल भरला की तो जाणवायला लागतो.

गाडी खरंच किती उंच होते?

इथे पहिली निराशा. टायर ४० मिलिमीटरने मोठा झाला तरी गाडी फक्त २० मिलिमीटरने उचलली जाते, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यभागी असतो. वाढलेल्या उंचीचा निम्मा भाग ॲक्सलच्या वर जातो, निम्मा खाली.

म्हणजे हातात आले दोन सेंटिमीटर. जास्त माल भरून पाटे दबले की बॉडी यापेक्षा जास्त खाली येते. शिवाय पाटे दबलेले असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रुंद टायर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासू शकतो. रिकाम्या गाडीवर दुकानासमोर ट्रायल घेतली तर हे कळत नाही.

घाटात काय बदलतं?

इंजिन तेच, गिअर तेच, डिफरन्शियल तेच. चाक मात्र मोठं. त्यामुळे त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी होते. सपाट हायवेवर हे लक्षातही येणार नाही. पण जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेज उतरणाऱ्या आणि परतताना तोच घाट भरल्या गाडीने चढणाऱ्या ड्रायव्हरला ते पहिल्याच फेरीत कळतं. जिथे तिसऱ्यात गाडी चढायची, तिथे दुसरा टाकावा लागतो. हाफ क्लचवर गाडी उचलायची वेळ वाढते आणि क्लचप्लेट लवकर जाते.

उताराचा प्रश्न जास्त गंभीर आहे. ब्रेक पेडल आधीइतकंच दाबलं तरी मोठ्या चाकामुळे रस्त्यावर लागणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनने वेग रोखण्याचा जो आधार घाटात मिळतो, तोही घटतो. मग ड्रायव्हर ब्रेकवर जास्त विसंबतो आणि ब्रेक जास्त तापतात. एकटे साडेपाच टक्के अपघात घडवणार नाहीत. पण त्यात ओव्हरलोड, ओला रस्ता आणि झिजलेले ब्रेक मिळाले, तर हाताशी उरलेली सवलत संपते.

मीटर खोटं कसं बोलायला लागतं?

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, हे मीटरला माहीत नसतं. वरच्या उदाहरणात मीटरवर ६० दिसत असतील तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या आसपास असते. मालवाहू गाड्यांना ८० किलोमीटरचा वेगमर्यादक असतो, पण मर्यादकाच्या हिशेबाने ८० झाले की प्रत्यक्षात ८४ च्या वर गेलेले असतात. स्पीडगनसमोर "मीटर ८० च दाखवत होतं" हे उत्तर चालत नाही.

अंतराचंही तसंच. खरे ३०० किलोमीटर झाले तर मीटर २८३ दाखवेल. किलोमीटरवर भाडं ठरलं असेल तर प्रत्येक फेरीत १७ किलोमीटरचे पैसे बुडाले. "टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं" ही तक्रारही काही प्रमाणात इथूनच येते.

मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर?

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. टायर किती वजन पेलतो हे त्याच्या रुंदीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी आकाराच्या पुढे लिहिलेला लोड इंडेक्स बघावा लागतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. मालवाहू टायरवर १०६/१०४ असे दोन आकडे असतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी.

आता एक तुलना करा. पिकअपचा अरुंद पण मालवाहू टायर १०६ चा आहे. त्याच्या जागी तुम्ही प्रवासी गाडीचा रुंद, दणकट दिसणारा टायर घातला आणि त्यावर १०० लिहिलंय. मागच्या दोन टायरची मिळून क्षमता १,९०० किलोवरून १,६०० किलोवर आली. टायर रुंद झाला आणि ३०० किलो गमावले.

हवेचाही फरक असतो. आठ प्लायच्या मालवाहू टायरमध्ये ६५ पीएसआयच्या आसपास हवा चालते. साध्या प्रवासी टायरला तेवढा दाब सोसत नाही. दाब कमी ठेवून वजन जास्त टाकलं की टायरची भिंत सतत दुमडत राहते, आतून तापते आणि उन्हाळ्यात हायवेवर टायर फुटतो.

कायदा काय म्हणतो?

कारवाल्या मित्राचा सल्ला पिकअपला का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ नुसार मालवाहू गाडीची नोंदणी करताना रिकामं वजन, एकूण वजन आणि ॲक्सलवरचं वजन यांच्यासोबत प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि आकारही नोंदवायचा असतो. म्हणजे मालवाहू गाडीत टायरचा आकार हा नोंदणीचाच भाग आहे.

कलम ५२ सांगतं की, कंपनीने मूळ दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मोठ्या टायरमुळे परवानगीचं वजनही वाढत नाही. ओव्हरलोड सापडला तर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग असतं. बरेच जण त्या दिवसापुरते जुने टायर चढवतात. पण अपघात काही पासिंगची तारीख बघून होत नाही. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी तपासतो आणि न कळवलेला बदल दिसला तर विमा कंपनीला दावा अडवायला किंवा कापायला कारण मिळतं. गाडी कर्जावर असेल तर हप्ता मात्र चालूच राहतो.

मग टायर घेताना काय बघायचं?

आधी स्वतःला विचारा, मोठा टायर कशासाठी हवाय?

- चिखलात, शेतरस्त्यावर पकड हवी असेल तर आकार तोच ठेवा आणि मागच्या चाकांना खोल, जाड नक्षीचा टायर घ्या.
- टायर वारंवार फुटत असतील तर त्याच आकारात जास्त प्लायचा, जास्त लोड इंडेक्सचा टायर मिळतो का बघा. हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे ठेवा आणि टायर थंड असताना तपासा.
- माल जास्त न्यायचा असेल तर त्याचं उत्तर टायरच्या दुकानात मिळणार नाही. फेरी वाढवा किंवा मोठ्या क्षमतेच्या गाडीचा हिशेब मांडून बघा.
- मोठा आकारच हवा असेल तर तुमच्या मॉडेलच्या नेमक्या त्याच व्हेरियंटला कंपनीने दुसरा आकार मंजूर केलाय का, हे पुस्तिकेत बघा, सर्व्हिस सेंटरला विचारा आणि नोंदीबाबत आरटीओत खात्री करा. नावाने सारख्या दोन पिकअपचे टायर, रिम आणि ॲक्सल वेगळे असू शकतात.

दुकानात पैसे देण्याआधी चार गोष्टी वाचा : आकार, लोड इंडेक्स, आयएसआय चिन्ह आणि चार अंकी तारीख. टायरवर ३५२४ असेल तर तो २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलाय. स्टेपनीही त्याच मापाची हवी, नाहीतर रात्री पंक्चर झाल्यावर एका बाजूला उंच आणि एका बाजूला बुटकं चाक लावून गाडी आणावी लागेल. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर तर नियमानुसारच रस्त्यावर चालत नाही.

जीएसटीत वाचलेले २,००० रुपये खर्च करायचेच असतील तर त्याच मापाचे, चांगल्या प्रतीचे टायर घ्या, अलाइनमेंट करून घ्या आणि ब्रेक लायनर तपासून घ्या. रीलला लाइक कमी मिळतील, पण घाट उतरताना पायाखालचा ब्रेक भरवशाचा असेल.